गप्पी मासा, गप्पी आडनाव

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीत महापालिकेचा माणूस येतो. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे. बागेतल्या हौदात तो पिशवी उलटी करतो, वहीत सही घेतो आणि निघून जातो. डासांच्या अळ्या फस्त करायचं काम पुढचे चार महिने मासे बघतात. त्यांना सगळे 'गप्पी' म्हणतात. हा शब्द आपलाच असणार अशी लहानपणी माझी खात्री होती. तोंडं सारखी उघडझाप करतात, म्हणजे गप्पा मारतात, म्हणून गप्पी!

शब्द आपला नाही. ते आडनाव आहे, आणि तेही इंग्लंडमधलं एक दुर्मीळ आडनाव.

रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी (१८३६–१९१६) हा लंडनमध्ये जन्मलेला माणूस कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर जाऊन स्थायिक झाला. शाळाखात्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात शंखशिंपले, जीवाश्म, मासे गोळा करणं, असा त्याचा दिनक्रम. तिथल्या ओढ्यांतले हे मासे त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या अल्बर्ट ग्युंथर या तज्ज्ञाने १८६६ मध्ये त्यांना 'जिरार्डिनस गप्पिआय' असं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की विल्हेल्म पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचं बारसं उरकलं होतं. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचं नाव खरं, म्हणून आज पुस्तकात 'पोसिलिया रेटिक्युलाटा' छापतात. गप्पीसाहेबांचं नाव कागदावरून गेलं, पण बाजारात राहिलं.

पण मुळात 'गप्पी' हे आडनाव आलं कुठून?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिच्या पश्चिम टोकाला लाइम रीजिस या बंदरगावाजवळ वुटन फिट्झपेन नावाचं खेडं आहे आणि त्याच्या हद्दीत गप्पी नावाची जागा आहे. गाव म्हणावं इतकीही ती मोठी नाही. या नावात जुन्या इंग्रजीतले दोन तुकडे आहेत. 'गुप्पा' हे माणसाचं नाव, म्हणजे गुथबेऱ्ह्ट अशा लांबलचक नावाचं घरगुती रूप, जसं आपल्याकडे पांडुरंगाचं पांडू होतं तसं. दुसरा तुकडा 'हेग', म्हणजे कुंपण घातलेली जमीन. गुप्पाची वाडी! काळाच्या ओघात 'गुप्पाहेग' घासून घासून 'गप्पी' उरलं. जाता जाता एक गंमत सांगतो. या वाडीवरून एका घराण्याने नाव घेतलं, तर शेजारच्या वुटन गावाने शेपटीला लावलेलं 'फिट्झपेन' एका घराण्याकडून घेतलं. फिट्झपेन म्हणजे 'पेनचा मुलगा', हे तिथल्या नॉर्मन जमीनदारांचं नाव. जागेकडून माणसाला आणि माणसाकडून जागेला, असा दोन्ही बाजूंनी व्यवहार चालू होता.

गावावरून आडनाव ही कल्पना मराठी माणसाला समजवायची गरज नाही. आपल्याकडे तर 'कर' लावला की काम झालं. पण एक बारकावा आपणही सहसा लक्षात घेत नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर म्हणून काय उपयोग, तिथे सगळेच सातारकर! गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर. तेराव्या-चौदाव्या शतकात कुणी जॉन किंवा विल्यम त्या वाडीतून उठून चार कोसांवरच्या दुसऱ्या गावी गेला. तिथे आधीच पाच जॉन होते, म्हणून लोकांनी त्याला 'तो गप्पीचा जॉन' म्हणायला सुरुवात केली. गावावरून पडलेलं आडनाव दिसलं की समजावं, मूळपुरुष तिथून निघालेला माणूस आहे.

त्या काळच्या इंग्लंडात असे पाच-पाच जॉन प्रत्येक गावात होते, त्यालाही कारण आहे. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, आणि दोनेक शतकांत जुनी इंग्रजी नावं मागे पडून विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन, थॉमस अशा मोजक्या नावांचीच चलती झाली. नावं थोडी आणि माणसं फार. त्यात राजाला कर हवा, म्हणजे कर भरणाऱ्यांची यादी हवी. १३७७, १३७९ आणि १३८१ साली माणशी कर बसवला गेला, तेव्हा याद्यांमध्ये नुसता 'जॉन' लिहून भागणार नव्हतं. उमराव घराण्यांनी वंशपरंपरेने चालणारी आडनावं आधीच घेतली होती. सामान्य माणसांची आडनावं साधारण १२०० ते १४०० या दरम्यान पक्की झाली, उत्तरेकडे त्याहून उशिरा.

ही आडनावं ढोबळमानाने चार खाणींतून आली. जागेवरून गप्पी, बापाच्या नावावरून जॉन्सन, धंद्यावरून स्मिथ म्हणजे लोहार आणि टेलर म्हणजे शिंपी, आणि टोपणनावावरून शॉर्ट म्हणजे बुटका किंवा फॉक्स म्हणजे कोल्होबा. पण कोणतं आडनाव दुर्मीळ राहणार आणि कोणतं माजणार, याचं अर्धं उत्तर या खाणींतच आहे. लोहार प्रत्येक गावात असतो. त्यामुळे स्मिथ हे आडनाव एकदा नाही, हजारो वेळा, हजारो गावांत, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांना लागलं. १८८१ च्या शिरगणतीत ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक स्मिथ होते. दोन स्मिथ भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, जसे दोन पाटील किंवा दोन कुलकर्णी भेटले म्हणून ठरत नाहीत. गुप्पाची वाडी मात्र एकच. तिथून बाहेर पडून नाव टिकवणारी माणसं एकाच घरातली असणं सहज शक्य आहे.

आपल्या ओळखीचं आणखी एक नाव याच जातीचं आहे. ज्याच्या मराठी-इंग्रजी कोशाशिवाय आजही पान हलत नाही, तो जेम्स थॉमस मोल्सवर्थ. मोल्सवर्थ हे पूर्वीच्या हंटिंग्डनशरमधलं खेडं. 'मूल' हे माणसाचं नाव आणि 'वर्थ' म्हणजे पुन्हा कुंपणाची जागा. १०८६ च्या जमीनमोजणीच्या दप्तरात हे गाव सापडतं. म्हणजे १८३१ साली मराठी शब्दांचं भांडार छापणारे आपले मोल्सवर्थ मुळात 'मूलवाडीकर' होते.

नाव पक्कं झालं तरी त्याचं लेखन पक्कं झालं नव्हतं. १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला, पण लिहिणारा पाद्री ऐकेल तसं लिही. बहुतेकांना आपलं नाव लिहिता येत नव्हतं, मग चूक कोण काढणार? एका घराण्याची दोन-तीन स्पेलिंग होत, आणि कधी स्पेलिंगच वेगळं आडनाव होऊन बसे. उलटही घडलं. बोलणं बदललं आणि अक्षरं तशीच राहिली. 'चोल्माँडली' असं दिसणारं आडनाव 'चम्ली' असं वाचायचं असतं, आणि 'फेदरस्टनहॉ' हे काही घरांत 'फॅनशॉ' होतं. देवनागरीत लिहिलं असतं तर निदान एवढी फजिती टळली असती.

आता या गोष्टीतला माझा सर्वात आवडता योगायोग. इंग्रजी आडनावांचा भूगोल पहिल्यांदा आकड्यांनिशी मांडणाऱ्या माणसाचं आडनावही गप्पीच होतं.

हेन्री ब्रूम गप्पी (१८५४–१९२६) हा ब्रिटिश आरमारातला डॉक्टर. सॉलोमन बेटांवर राहून त्याने तिथला भूगोल, माणसं आणि झाडं यांचा अभ्यास केला. पुढे तो नावाजला ते बिया समुद्रावर तरंगत किती लांब जातात आणि कुठे रुजतात यावरच्या कामामुळे. त्याआधी, १८९० मध्ये, त्याने ब्रिटनमधल्या आडनावांची मूळ घरं शोधणारं जाडजूड पुस्तक काढलं. मला ही दोन्ही कामं एकच वाटतात. बी असो की आडनाव, कुठून सुटलं आणि कुठे रुजलं, हाच त्याचा प्रश्न.

त्याची युक्ती साधी आणि हुशार होती. शहरात सगळीकडची माणसं येतात, तिथे मोजून काही कळणार नाही. हलत नाही तो शेतकरी. म्हणून त्या वेळच्या छापील डिरेक्टऱ्यांमधून त्याने प्रत्येक काउंटीतले फक्त शेतकरी घेतले आणि दर दहा हजार शेतकऱ्यांमागे एका आडनावाचे किती, हे काढलं. देशभर पसरलेल्या नावांपासून जेमतेम एका काउंटीत सापडणाऱ्या नावांपर्यंत त्याने पायऱ्या लावल्या. या शेवटच्या गटाने सगळ्यांना चकित केलं. आडनावं पडून पाचशे-सहाशे वर्षं झाली, मधे रेल्वे आली, कारखाने आले, तरी कितीतरी नावं आपल्या जन्मगावापासून एका दिवसाच्या चालीवरच घुटमळत होती. पद्धतीत खोटही होती. शेतमजूर आणि कारागीर त्याच्या मोजणीत आलेच नाहीत, आणि फारच विरळ नावं त्याने गाळली. म्हणजे ज्यांचं घर शोधायला सर्वात मजा आली असती तीच सुटली.

आज हे काम सोपं झालं आहे. १८८१ ची अख्खी शिरगणती संगणकावर उतरवलेली आहे, आणि ब्रिस्टलच्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ४५,००० हून अधिक आडनावांचा कोश पुरा केला. १०० पेक्षा जास्त माणसं असलेलं प्रत्येक आडनाव त्यात घेतलं आहे. १०० माणसं हा उंबरठा ठेवावा लागतो, यावरूनच त्याखाली केवढी गर्दी असेल याचा अंदाज यावा.

गप्पी आडनावाचा दाट पट्टा डॉर्सेट आणि शेजारचं सॉमरसेट. तिथून बाहेर पडायला सबळ कारण होतं: गरिबी. डॉर्सेटच्या शेतमजुराची मजुरी देशातल्या सर्वात कमी मजुरींपैकी होती. १८३४ मध्ये याच काउंटीतल्या टॉलपडल गावच्या सहा मजुरांनी संघटना बांधली, म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं गेलं. ज्याला जमलं तो ब्रिस्टल, लंडन, नाहीतर जहाज पकडून आणखी लांब गेला. ब्रिस्टलच्या गप्पींनी नाव काढलं. सारा गप्पी या बाईंनी १८११ मध्ये पुलाच्या पायासाठी खांब ठोकण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्यांचा मुलगा थॉमस हा ब्रुनेल या विख्यात इंजिनिअरचा सहकारी होता. मात्र सारा बाई लग्नाने गप्पी, माहेरच्या बीच. आडनावाच्या इतिहासात मुली अशा बाहेर जातात आणि सुना आत येतात. कागदावर मात्र फक्त बापाची रेघ दिसते.

आणि दुर्मीळपणाचं उरलेलं अर्धं उत्तर नेमकं या रेघेत आहे.

फ्रान्सिस गॉल्टन या व्हिक्टोरियन विद्वानाला एक चिंता होती: मोठमोठी घराणी नामशेष का होतात? मोठेपणात वंध्यत्व येतं की काय? एक कारण त्याने फार मार्मिक शोधलं होतं. उमराव लोक इस्टेटीसाठी श्रीमंत वारसदार मुलींशी लग्नं करतात. पण मुलगी वारसदार होते कधी? भाऊ नसला तर. म्हणजे ती मुळातच कमी मुलं होणाऱ्या घरातून येते! पण या सगळ्यापलीकडे निव्वळ नशिबाचा वाटा किती, हे त्याने १८७३ मध्ये गणिताचं कोडं म्हणून जाहीर केलं आणि हेन्री वॉट्सन या गणिती पाद्र्याने ते सोडवायला घेतलं.

आपण ते घरगुती पद्धतीने करू. १०० वेगवेगळी आडनावं घ्या, प्रत्येकाचा एकच पुरुष. प्रत्येक पुरुषाला मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक मुलगा असण्याची निम्मी, दोन असण्याची पाव. सरासरी बरोबर एक, म्हणजे एकूण पुरुष ना वाढणार ना घटणार. कुणी आजारी नाही, कुणी नालायक नाही. पहिल्याच पिढीत २५ आडनावं पुसली जातात. दुसऱ्या पिढीअखेर ३९. तिसऱ्या पिढीत, म्हणजे पणतू मोठे होईपर्यंत, ४८. दहा पिढ्यांनी, साधारण ३०० वर्षांनी, १०० पैकी फक्त २६ उरतात. पुरुष अजूनही सरासरीने शंभरच, पण ते या २६ नावांत वाटलेले. काही नावांत एखाददुसरा, काहींत दहा-बारा. आता यात १३४८–४९ चा प्लेग घाला, ज्याने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली, आणि तीही नेमकी आडनावं रुजत असताना.

वॉट्सन शेवटी एक चूक करून बसला. त्याने निष्कर्ष काढला की सगळीच आडनावं कधी ना कधी संपणार. खरं तर मुलग्यांची सरासरी एकाहून थोडी जास्त असली तर काही नावं कायमची तगू शकतात. ही दुरुस्ती सर्वमान्य व्हायला विसावं शतक उजाडलं. पण गाभा पक्का होता. एखादं आडनाव दुर्मीळ असणं यात घराण्याची थोरवी शोधू नये आणि दोषही. कुणाच्या पणजोबाला तीन मुली झाल्या आणि कुणाच्या पणजोबाला तीन मुलगे, इतकाच फरक असू शकतो. 'आमचं आडनाव फार थोड्या लोकांचं आहे' असं कॉलर ताठ करून सांगणारे माझ्याही नात्यात आहेत. त्यांना हे गणित मी अजून दाखवलेलं नाही.

याच मंडळींतला आणखी एक उद्योग सांगतो. चार्ल्स डार्विन हा गॉल्टनचा नातलग. त्याचं लग्न एमा वेजवुडशी झालं होतं, जी त्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे यात कुणी भुवई उंचावली नसती, पण डार्विनला नात्यातल्या लग्नाचा धसका होता. त्याचा मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये इंग्लंडात अशी लग्नं किती होतात ते मोजायचं ठरवलं आणि त्यासाठी नवरा-नवरीचं आडनाव आधीच एक असलेली लग्नं मोजली. स्मिथने स्मिथशी लग्न केलं तर तो योगायोग, पण दुर्मीळ आडनावाच्या दोघांनी केलं तर नातं असणारच. गोम एवढीच की ही चाळणी फक्त चुलत भावंडं पकडते. त्याच्या स्वतःच्या आईबापांचं लग्न तिच्यातून सहज निसटलं असतं.

एका वाडीतून निघालेलं आडनाव म्हणजे सगळे एका पुरुषाचे वंशज, हे खरं की नुसता समज? कागद १५३८ च्या मागे फारसे जात नाहीत. पण आणखी एक गोष्ट बापाकडून मुलाकडे, आडनावासारखीच जाते: वाय गुणसूत्र. ते फक्त पुरुषांत असतं आणि पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्सने स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले. साइक्स म्हणजे छोटा ओढा, म्हणजे नाव अनेक जागी सुरू झालं असणार अशी समजूत होती. पण त्यातल्या जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकच निघालं. २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांवर हेच केलं. ॲटनबरो, स्विंडलहर्स्ट अशा दुर्मीळ आडनावांत ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं गुणसूत्र एकाच साच्यातलं होतं. स्मिथमध्ये मात्र रस्त्यावरून कुणीही चार माणसं उचलावीत तशी सरमिसळ.

७० म्हणजे १०० नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. दत्तक गेलेला मुलगा, आईचं आडनाव लावलेला मुलगा, इस्टेट मिळावी म्हणून सासऱ्याचं नाव घेणारा जावई, आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ते कारण. सहाशे-सातशे वर्षांत एवढं होणारच. त्यात भलतेच पाहुणेही निघतात. २००७ मध्ये यॉर्कशरच्या एका दुर्मीळ आडनावाचे १८ पुरुष तपासले, तर त्यांतल्या सात गोऱ्या इंग्रजांचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेतलं निघालं. वंशावळी मागे नेल्या तर दोन शाखा सतराशे ऐंशीच्या दशकातल्या यॉर्कशरपर्यंत पोहोचल्या. पहिला आफ्रिकी पुरुष रोमन सैन्याबरोबर आला असेल किंवा गुलामांच्या व्यापाराच्या काळात. आडनावाने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

आणि हौदातले गप्पी? त्यांच्यातले रंगीत शेपटीचे ते नर. माद्या करड्या आणि अंगाने मोठ्या. १९२० मध्ये डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी गप्पी नरांच्या परावरचा एक काळा ठिपका पिढ्यानपिढ्या तपासला. बापाला ठिपका तर प्रत्येक मुलाला ठिपका, लेकीला कधीच नाही. ठिपका वाय गुणसूत्रावर बसून येत होता. असा वारसा सिद्ध झाल्याच्या जगातल्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी ते एक, आणि तेही आडनाव मिरवणाऱ्या या माशात. हे कळल्यापासून महापालिकेचा माणूस पिशवी उलटी करायला आला की मी आधी ती उजेडात धरायला लावतो आणि ठिपकेवाले नर मोजतो. त्याला वाटतं, मासे कमी आहेत अशी माझी तक्रार आहे.